शिकेकाई-रिठ्याचा काढा घरी करताना

रानजाई:
केस धुवायला घरी काढा करणाऱ्यांसाठी, आणि करायचं मनात आहे पण नेमकं कसं ते माहीत नाही अशांसाठी हा धागा काढते आहे. हल्ली तयार पूड सगळीकडे मिळते. ती पाण्यात कालवून डोक्याला थापली की भुसा केसांत अडकतो, दोन बादल्या पाणी ओतलं तरी निघत नाही, वाळल्यावर केस राठ लागतात आणि मग 'आपल्याला शिकेकाई मानवत नाही' म्हणून डबा मागे पडतो. माझं ठाम मत आहे की यातल्या बऱ्याच जणींना मानवत नाही ती पूड. अख्ख्या शेंगा उकळून, कुस्करून, गाळून घेतलेला काढा एकदा वापरून बघा.

आमच्याकडचं प्रमाण सांगते. खांद्याखाली येणाऱ्या, मध्यम दाट केसांच्या एका न्हाण्यासाठी शिकेकाईच्या ८-१० शेंगा, ५-६ रिठे (आतली काळी बी काढून टाकायची, फक्त साल घ्यायची), वाळलेला आवळा लहान मूठभर आणि मेथीदाणे एक चहाचा चमचा. रात्री साधारण एक लिटर पाण्यात भिजत घालायचं आणि सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर १५-२० मिनिटं उकळायचं. पातेलं मोठं घ्या. रिठा दुधापेक्षा चटकन उतू जातो आणि सगळी शेगडी फेसाने भरते.

कोमट झालं की हात घालून कुस्करायला लागा. खरं काम इथेच आहे. रिठ्याची सालं बोटांत मऊ, बुळबुळीत लागायला लागतात, शेंगांचा गर सुटतो आणि पाणी दाट तपकिरी होतं. नुसतं उकळून वरचं पाणी ओतून घेतलं तर निम्मा अर्क चोथ्यातच राहतो. गाळायला जुनं मलमलचं किंवा धोतराचं कापड घ्या, चहाच्या गाळणीतून बारीक चोथा खाली येतो.

न्हाताना आधी केस पाण्याने पूर्ण ओले करायचे. डोकं मागे करून, डोळे घट्ट मिटून अर्धा काढा मुळाशी लावायचा, बोटांच्या पेरांनी चोळायचं, धुवायचं. मग उरलेला अर्धा तसाच लावून दोन-तीन मिनिटं ठेवायचा. फेस शाम्पूइतका येणार नाही आणि यायची गरजही नाही. डोळ्यांत गेलं तर सपाटून झोंबतं, म्हणून पाण्याचा तांब्या हाताशी ठेवाच.

तुमच्याकडे काय घालतात, कसं करतात, कुणाला काय त्रास झाला, सगळं लिहा.

सोनटक्का:
छान धागा! माझे केस मुळातच कोरडे आहेत. रिठ्याने आणखी कोरडे पडतात. वगळला तर चालेल का?

रानजाई:
>>> रिठ्याने आणखी कोरडे पडतात
हो, रिठा जोरकस आहे, तेल सगळं ओढून काढतो. कोरड्या केसांना रिठे दोनवर आणा किंवा अजिबात घालू नका आणि मेथी वाढवा. मेथीचा बुळबुळीतपणा काढ्यात उतरतो, त्याने केस विंचरताना गुंता कमी होतो. जास्वंदीची पानं मिळाली तर फारच उत्तम.

माडबन:
जास्वंदीचा विषय निघालाच आहे तर आमच्या रत्नागिरीकडची पद्धत लिहिते. परसात गावठी लाल जास्वंद असतेच. तिची १५-२० कोवळी-जून पानं धुवून थंड पाण्यात चुरायची. उकळायचं नाही. चुरता चुरता पाणी हिरवं आणि लिबलिबीत होतं, बोट उचललं की तार येते. ते फडक्यातून पिळून घ्यायचं आणि गाळलेल्या शिकेकाईत मिसळायचं. केरळात हीच पानं चुरून लावतात, तिकडे त्याला ताळी म्हणतात, असं माझ्या शेजारणीने सांगितलं. ती त्रिशूरची आहे.

आमच्याकडे नारळाचं घट्ट दूधही लावतात, पण ते न्हाण्याआधी. नारळाच्या दुधाने केस स्वच्छ होत नाहीत, मऊ होतात. ते अर्धा तास मुरू द्यायचं आणि मग शिकेकाईने काढायचं. नुसतंच लावून पाण्याने धुतलं तर दुसऱ्या दिवशी डोक्याला खवट वास येतो. ही चूक नवीन करणाऱ्यांकडून हमखास होते.

सोनटक्का:
धन्यवाद दोघींना. सोसायटीच्या बागेत जास्वंद आहे, पण त्यावर पांढरी कीड दिसते.

माडबन:
मिलीबग असेल. ती पानं घेऊ नका, आणि माळ्याला विचारा फवारणी केली आहे का. फवारलेली पानं डोक्याला नकोतच.

क्षारमापक:
मी रसायनशास्त्र शिकवतो, तेव्हा या काढ्याने केस स्वच्छ का होतात ते थोडक्यात लिहितो.

रिठ्याच्या सालीत आणि शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग पाण्यात रमतो, दुसरा तेलात. त्यामुळे डोक्यावरचा तेलकट थर सुटा होऊन पाण्याबरोबर वाहून जातो. साबण आणि शाम्पूही याच तत्त्वावर चालतात.

फरक पडतो तो सामूमध्ये (पीएच, म्हणजे एखादी गोष्ट किती आम्लधर्मी आहे त्याचं माप; आकडा जितका कमी तितकी ती जास्त आम्लधर्मी). आपल्या डोक्याच्या त्वचेचा सामू साधारण ५.५ असतो, केसाच्या दांड्याचा त्याहून कमी, ४च्या खाली. अंगाच्या साबणाचा ९-१०. आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, पाण्यात केसावरचे खवले उघडतात, केस एकमेकांत अडकतात, तुटतात. शिकेकाई-रिठ्याचा काढा सौम्य आम्लधर्मी असतो, म्हणून तो साबणासारखा केस राठ करत नाही. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट पांढरा साका बसतो, सॅपोनिनचा तसा साका होत नाही. मराठवाड्यात, सोलापूर भागात ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांना हा फरक लगेच जाणवेल.

याच कारणासाठी खाण्याच्या सोड्याने केस धुण्याचे जे व्हिडिओ फिरतात त्यांच्यापासून कृपया लांब राहा. सोड्याच्या पाण्याचा सामू ८च्या वर जातो. दुसऱ्या टोकाला लिंबाचा रस, त्याचा सामू २च्या आसपास. तो थेट चोळला तर खाजवून सोललेल्या त्वचेची आग आग होते, आणि लिंबाचा रस त्वचेवर राहून वर ऊन पडलं तर चट्टेही उठतात. लिंबू वापरायचंच असेल तर मगभर पाण्यात चमचाभर, शेवटच्या पाण्यासाठी, आणि नंतर साध्या पाण्याने धुवून टाका.

आणखी एक. आजकालचे बरेच शाम्पू सौम्य आम्लधर्मी किंवा उदासीन असतात आणि जड पाण्यातही चालतात. 'शाम्पू म्हणजे विष' असं मी म्हणणार नाही. काढाही रसायनांचाच आहे, ती झाडाने बनवली आहेत इतकंच. ज्याला जे मानवेल ते त्याने वापरावं.

रानजाई:
हे फार उपयोगी लिहिलंत. मनापासून आभार.

वऱ्हाडी_कापूस:
आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात आजी काळ्या मातीनं डोकं धुवायची. नदीकाठची खोलातली माती आणायची, वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करायची. रात्री भिजवायची अन् सकाळी लोण्यासारखा लगदा डोक्याला लावायची. केस असे सुळसुळीत व्हायचे की अंबाडा टिकत नसे. हे कोणी अजून करतं का?

क्षारमापक:
काळ्या कापसाच्या जमिनीत मुलतानी मातीच्या जवळची चिकणमाती असते, ती तेल शोषून घेते. आजीच्या पद्धतीला पक्का आधार आहे. पण आज शेतातली माती घेऊ नका. कापसाच्या शेतात कीटकनाशक आणि तणनाशक किती पडतं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल.

वऱ्हाडी_कापूस:
बरोबर आहे. आता नदीचाही भरवसा राहिला नाही. आजीच्या वेळची माती आता कुठून आणायची, याचं फार वाईट वाटतं. मुलतानी माती आणून बघतो.

थेम्सकाठी:
लंडनमध्ये पाणी अतिशय जड आहे, केटलमध्ये आठवड्यात पांढरा थर बसतो. इथे भारतीय दुकानांत अख्खे रिठे आणि शिकेकाई मिळते, थोडी महाग. माझी अडचण वेगळी आहे. नोकरी, पाळणाघर, सगळं सांभाळून दर वेळी भिजवा-उकळा जमत नाही. काढा किती दिवस टिकतो?

रानजाई:
बाहेर एक दिवससुद्धा नाही. उन्हाळ्यात सकाळचा काढा संध्याकाळी आंबूस वास मारायला लागतो. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, त्यापुढे नको. वास बदलला, तार आली किंवा वर साय धरल्यासारखं दिसलं तर सरळ फेकून द्यायचा. फेस येतो म्हणून तो खराब होत नाही असं काही जणींना वाटतं, तसं नाही.

तुमच्यासाठी सोपा उपाय म्हणजे एकदम चौपट करायचा, पाणी थोडं कमी ठेवून दाट करायचा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवायचा. न्हाण्याआधी पाच-सहा खडे गरम पाण्यात सोडले की झालं. ट्रे वेगळा ठेवा आणि वर चिठ्ठी लावा, नाहीतर कुणीतरी सरबतात घालेल.

थेम्सकाठी:
बर्फाचे खडे! हे डोक्यातच आलं नव्हतं. या शनिवारी करते.

अबोली७८:
मी पूड वापरणाऱ्यांपैकी आहे, पण घरी दळून आणलेली. शेंगा, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला कचरा, संत्र्याची वाळलेली साल, थोडा वाळा. कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवायचं, शेंग कट्कन मोडली पाहिजे, तरच बारीक दळली जाते. मसाला कांडप करणारे घेतात, पिठाची गिरणी घेत नाही आणि घेऊही नये, पुढच्या माणसाचं पीठ कडू होईल. काही ठिकाणी उटणं-शिकेकाईसाठी वेगळं यंत्र असतं, तिथे गर्दी दिवाळीच्या आधी. दळताना नाकाला फडकं बांधून लांब उभं राहा. ती धूळ नाकात गेली की शिंका थांबत नाहीत.

ही पूडसुद्धा मी उकळूनच घेते आणि गाळते. रानजाई म्हणतात ते पटतं, कोरडी पूड कालवून लावू नये.

विकत घेताना काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खा माल घ्या. शेंग तांबूस तपकिरी, हातात वजनदार हवी. काळपट पडलेली, भोकं असलेली, हलवली की भुगा गळणारी असेल तर जुनी. तयार पुडीत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही.

पाऊलखुणा:
शेंगा कुठून येतात हेही लक्षात असू द्या. शिकेकाईचा काटेरी वेल रानात झाडांवर चढतो, आकड्यासारखे काटे असतात, शेंगा काढताना हात ओरबाडून निघतात. सह्याद्रीच्या पट्ट्यात ठाकर, कातकरी, महादेव कोळी घरांतल्या बाया हिरड्यासारखाच हाही माल गोळा करतात. आठवडी बाजारात थेट त्यांच्याकडून मिळाली तर तिथूनच घ्या आणि घासाघीस करू नका.

अबोली७८:
+१. अगदी.

काजळमाया:
माझ्या मुलीच्या डोक्यात कोंडा खूप आहे, १६ वर्षांची आहे. खाजवून खाजवून जखमा झाल्या आहेत. सासूबाई म्हणतात रोज तेल लाव आणि रिठ्याने धू. गेले काही महिने तेच चालू आहे. कमी होत नाही, उलट वाढलाय. काय करू?

त्वचेचा_डॉक्टर:
काजळमाया, जखमा आहेत तोपर्यंत रिठा, लिंबू, माती यातलं काहीही लावू नका आणि तेल तर आज बंद करा. कोंड्याचा संबंध मॅलासेझिया नावाच्या बुरशीशी असतो. ती सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. वरून आणखी तेल घालणं म्हणजे तिला खायला देणं. वयात येताना तेलग्रंथी जोरात असतात, म्हणून या वयात कोंडा वाढतो.

सहसा दोन टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू देतात, आठवड्यातून दोनदा, डोक्याच्या त्वचेवर पाच मिनिटं ठेवून धुवायचा. पण तिला जखमा आहेत, तेव्हा आधी त्वचारोगतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवा. जाड, चंदेरी पापुद्रे असतील तर तो सोरायसिस असू शकतो, त्याचे उपचार वेगळे. बरं झाल्यावर शिकेकाई वापरायला माझी काही हरकत नाही.

सगळ्यांसाठीच लिहितो. गोल चाई पडली, लहान मुलाच्या डोक्यात केस तुटलेला खवल्यांचा चट्टा दिसला, पू आला, तर घरी काही करत बसू नका. मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णाला पोटातून औषध लागतं, वरून काही लावून ते जात नाही. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी मूठ मूठ केस गळतात तेव्हा बायका घाबरून एकामागून एक नुस्खे करतात. ती गळती बहुतेकींची वर्षभरात आपोआप भरून येते. काढ्याने केस स्वच्छ होतात. गळती थांबवणं हे त्याचं काम नाही. फारच गळत असतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा.

काजळमाया:
खूप धन्यवाद डॉक्टर. उद्याच अपॉइंटमेंट घेते. सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यांनीही तेलाची बाटली उचलून ठेवली.

गुलबक्षी:
उवांसाठी आमच्या गावी सीताफळाच्या बियांची पूड तेलात कालवून लावतात, एका रात्रीत साफ होतात. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या आयांनी करून बघा.

त्वचेचा_डॉक्टर:
गुलबक्षीताई, तुम्ही चांगल्या भावनेने लिहिलंत, पण हे कुणीही करू नका. त्या बियांच्या पुडीने उवा मरतात हे खरं आहे, पण ती डोळ्यांत गेली तर पारपटलाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होते. अशा रुग्णांच्या नोंदी भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी केल्या आहेत. रात्रभर डोक्याला लावून मूल झोपतं, घाम येतो, हात डोक्याला लागतो आणि तोच डोळ्यांना जातो. सकाळी धुताना ओघळ थेट डोळ्यांतच येतो. वेदना भयंकर असतात. चुकून असं झालंच तर डोळे लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि तसंच नेत्रतज्ज्ञाकडे जा, उद्यावर टाकू नका.

उवांवर एक टक्का परमेथ्रिनचं औषध दुकानात मिळतं. लिखांतून नव्या उवा बाहेर येतात म्हणून ७-१० दिवसांनी पुन्हा लावावं लागतं. औषध नको असेल तर केस ओले करून कंडिशनर लावायचा आणि बारीक दातांच्या फणीने बटा बटा करून विंचरायचं, दर तीन-चार दिवसांनी, किमान दोन आठवडे. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच दिवशी बघा.

गुलबक्षी:
बापरे. हे माहीत नव्हतं. गावी बहिणीला आत्ताच फोन करते.

माडबन:
हा प्रतिसाद मी आमच्या शाळेच्या पालकांच्या गटात टाकला, चालेल ना?

त्वचेचा_डॉक्टर:
अवश्य.

चांदणगोंदा:
माझे केस जवळजवळ पूर्ण पांढरे आहेत, वय ६४, रंगवत नाही. शिकेकाईने पिवळट-तपकिरी छटा येते ती मला नको वाटते. काय करावं?

रानजाई:
काकू, शिकेकाई आणि आवळा दोन्हीतली टॅनिन्स (तुरट द्रव्यं) रंग धरतात. तुम्ही फक्त रिठा घ्या, तोही तीन-चारच, आणि सोबत जास्वंदीच्या पानांऐवजी जवसाचं पाणी. मूठभर जवस पाण्यात उकळून, गरम असतानाच गाळा, गार झाल्यावर गाळता येत नाही. लोखंडी भांडं कटाक्षाने टाळा, आवळ्याचं टॅनिन आणि लोह एकत्र आलं की पाणी शाईसारखं काळं होतं. ज्यांना केस काळपट हवे असतात त्या मुद्दाम लोखंडी कढईत आवळा भिजवतात.

चांदणगोंदा:
छान सांगितलंस गं. उरलेले रिठे काय करू? अर्धा किलो आणलेत. नातवाच्या फिशटँकच्या काचा त्याने स्वच्छ होतील का?

क्षारमापक:
कृपया तिथे नको! सॅपोनिन माशांना घातक असतं, कल्ल्यांवर परिणाम होऊन मासे मरतात. काढ्याचं पाणी विहिरीत, तळ्यात, कारंज्याच्या टाकीतही जाऊ देऊ नका.

रानजाई:
काकू, रिठे हवाबंद डब्यात वर्षभर सहज राहतात, फक्त पावसाळ्याआधी एकदा ऊन दाखवा. आणि रेशमी साड्या, लोकरीच्या शाली असतील तर त्या रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवा. काठाचा रंग सुटत नाही ना ते आधी कोपरा भिजवून बघा, मग दोन-तीन मिनिटं बुचकळून, न पिळता सावलीत वाळत घाला.